पिंगळीची मेम

उद्धवची धाकटी बहीण अंबिका दहा वर्षांनी पिंगळीला परत आली ती पिवळेधमक केस घेऊन. लढाईचा चौथा उन्हाळा चालू होता. टेशनापासून घरापर्यंत तिनं पदर कपाळाच्याही खाली ओढून धरला होता. दारात भावजयीनं, सुमनबाईनं, भाकरतुकडा ओवाळायला तो पदर मागं सारला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"अगं माय! हे काय करून घेतलंस गं?"

अंबिकेनं पदर पुन्हा पुढं ओढला. सांगायचं तर कुठून सांगणार? तेराव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं, सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. पंधराव्या वर्षी परभणीच्या उरुसात सर्कस उतरली. विहिरीच्या दोरावरून सरसर खाली उतरणारी ही पोर त्या तंबूत शिरली ती घरी आलीच नाही. मालकानं तिला झुल्यावर चढवलं. वर्षभरात त्याच्या ध्यानात आलं की अंबिकेला बघायला माणसं रेटारेटी करत नाहीत, पण विलायतेची मिस डेझी म्हटलं की तंबू फाटेस्तोवर भरतो. मग दवाखान्यात जखमा धुवायला वापरतात ते फेसाळणारं औषध केस पिवळे करायला आलं. पहिल्या दिवशी टाळूची नुसती लाही लाही झाली. पुढं दर महिन्याला तेच.

केसांपेक्षा जास्त जाचली ती दुसरी अट. लोकांसमोर मराठीचा एक शब्द काढायचा नाही. नांदेडला, लातूरला, जालन्याला माणसं तिच्यासमोर उभी राहून तिच्याविषयी वाटेल ते बोलायची. ती कळलंच नाही असं दाखवून हसायची.

लढाई लांबली आणि औषध मिळेनासं झालं. जनावरांना चारा मिळेना. शेवटी सर्कसच मोडली. अंबिका घरी आली तेव्हा मुळापाशी दोन बोटं काळं उगवलं होतं आणि खाली कमरेपर्यंत वाळल्या गवतासारखं पिवळं.

उद्धवनं तिला घरात घेतलं, ताटावर बसवलं. रागानं बोलला नाही, पण तिच्याकडं बघेचना. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपल्या पोरीला, सुमंगलाला, बघायला जिंतूरचे पाव्हणे येणार हायेत. आठ दिवस राह्यले. तवर ते डोस्कं काळं कर, न्हाईतर त्या दिवशी गोठ्यात बस."

"करते दादा," अंबिका म्हणाली. "मलाच करायचं हाय."

दुसऱ्याच दिवशी ती परभणीला गेली. अत्तरवाल्याच्या दुकानात म्हातारे लोक दाढीला लावायला वसमा न्यायचे, म्हणजे निळीच्या पाल्याची वाळवलेली पूड. दुकानदारानं पुडी बांधून दिली. "इससे कव्वे के पर जैसा काला होता," म्हणाला. डोक्यावर पदर असलेल्या बाईचे केस कसले आहेत हे त्याला काय ठाऊक!

घरी येऊन तिनं पूड भिजवली, थापली, दुपारभर ठेवली आणि न्हाणीत धुतली. बाहेर आली तर सुमंगला तोंडावर हात ठेवून उभी. पोरगी आधी हसली, मग आत्याचं तोंड बघून रडायलाच लागली.

"आत्याबाई, हिरवं झालंय."

अंबिकेनं केस पुढं ओढून बघितले. बारवेतल्या शेवाळाचा रंग. शिकेकाई लावली, रिठा लावला, राख चोळली. हिरवं ते हिरवंच. झुल्यावरून पडून खांदा निखळला तेव्हा न रडलेली बाई त्या दिवशी न्हाणीच्या दगडावर बसून रडली.

सुमंगलाच म्हणाली, "कडूबाईकडं चला. ती लुगडी रंगविती. तिला म्हाईत असंल."

कडूबाई रंगारीण गावाच्या वरच्या अंगाला राहायची. परसात निळीचे चार रांजण, दोरीवर ओली लुगडी, आणि कोपरापर्यंत निळे हात. जर्मन रंग बाजारातून नाहीसे झाल्यापासून तिच्या जुन्या रांजणांना पुन्हा चांगले दिवस आले होते. तिनं अंबिकेचं डोकं उजेडाकडं वळवलं, एक बट बोटात चुरगाळली. चार केस तुटून हातात आले.

"मी कापड रंगविते माय, माणसं न्हाई."

"मग कापड समजा, मावशी."

कडूबाई हसली. "कापडच हाय हे. सगळा रस काढून घेतलाय त्याच्यातला. पिवळ्यावर नीळ टाकली की हिरवंच व्हायचं. आदी तांबडं चढवाया लागतं. तांबड्यावर नीळ बसली की मंग काळं."

"म्हणजे मेंदी?"

"मेंदी. पण एकदम डोस्क्यावर न्हाई. आदी एक बट कापून दे."

ती बट कडूबाईनं मेंदीत बुडवली, धुतली, वाळवली, मग वसम्यात घातली. दुसऱ्या दिवशी बट घेऊन ती दारात आली. काळी नव्हे, पण पिकलेल्या चिंचेसारखी गडद. "जमतंय," म्हणाली.

लोखंडी कढईत मेंदी भिजवायला घेतली तेव्हा सुमनबाई आडवी आली. "वन्सं, रांडमुंड बाईनं मेंदी लावायची? लोक काय म्हणतील?"

अंबिका काही बोलायच्या आत कडूबाईनं कढईत हात घातला. "मी लावते की. हात माझे रंगतील, तिचे न्हाई. आन् माझ्या हाताला कोण काय म्हणतंय ते बघू."

थोड्या वेळानं एरंडाची पानं तोडून सुमनबाईनंच आणून दिली, डोक्यावर बांधायला.

आधी वीतभर जळके शेंडे कापले. सकाळी मेंदी, दुपारी धुणं. केस विटेसारखे तांबडे झाले आणि हिरवा रंग कुठं गेला ते कळलंही नाही. मग कोमट पाण्यातला वसमा, वर पुन्हा पानं. दिवस कलताना कडूबाईनं तांब्या तांब्यानं पाणी घातलं. आधी निळं पाणी गेलं, मग फिकं, मग स्वच्छ. सुमंगलानं आरसा धरला. उन्हात तांबूस झाक मारणारे, पण गडद केस. त्यांच्या खाली आपला चेहरा इतका सावळा आणि इतका आईसारखा असेल याची अंबिकेला कल्पना नव्हती. ती बराच वेळ बघत राहिली.

"बरं झालं," उद्धव संध्याकाळी म्हणाला. "आता पाव्हण्यांनी इचारलं तर सांगू, सोलापूरला मावशीकडं होती."

पाहुणे आले. मुलाचे वडील माणिकराव जाड मिशांचे, मोकळ्या बोलण्याचे. पोहे झाले, सुमंगलाला चार प्रश्न विचारून झाले. मग त्यांचं लक्ष दाराशी उभ्या अंबिकेकडं गेलं.

"ह्या कोण?"

"माझी बहीण. इतकी वर्षं सोलापूरला..."

"सर्कशीत होते," अंबिका म्हणाली.

उद्धवचा चेहरा उतरला. अंबिका बोलत राहिली. "झुल्यावर काम करत होते. मिस डेझी म्हणायचे मला. मागनं कळण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं. पोरीचा ह्यात काही कसूर न्हाई."

माणिकरावांनी डोळे बारीक केले. "नांदेडला? गोदावरीच्या काठी तंबू होता, तीन वर्षांखाली?"

"होय."

"पिवळे केस व्हते."

"मालकानं केले व्हते. मी पुन्हा काळे केले."

माणिकराव मिशीवरून हात फिरवत बसले. मग उद्धवकडं वळून म्हणाले, "मी धाकट्या पोराला खांद्यावर घेऊन बघितली व्हती ही मेम. वरून खाली उडी घेतली तवा माझाच श्वास अडकला. आन् ती पिंगळीची?" आणि ते मोठ्यानं हसले. "पाव्हणं, लपवायचं कशाला हे? जिंतुरात सांगायला आमाला लय आवडंल."

त्यांच्या बायकोला ते तितकंसं आवडलं नसावं. तिनं नंतर सुमनबाईला बाजूला घेऊन बरंच विचारलं. पण सोयरीक मोडली नाही. वैशाखात सुमंगलाचं लग्न झालं.

उद्धव मात्र दिवाळीपर्यंत बहिणीशी धड बोलला नाही. अंबिकेनंही बोल म्हणून त्याची मनधरणी केली नाही. ती रोज सकाळी कडूबाईच्या परसात जाऊ लागली. वर चढायची सवय असल्यामुळं उंच दोऱ्यांवर लुगडी टाकायचं काम तिच्याकडं आलं. पुढं निळीचा एक रांजणही तिच्या हाती आला. दोन वर्षांत रंगवलेले केस कापून कापून संपले आणि सगळे तिचे स्वतःचे आले. कानशिलांपाशी थोडे पांढरेही होते. अकाली केस पिकलेल्या बाया हळूच मागच्या दारानं येऊन तिला मेंदी-वसमा लावायला सांगायच्या. ती लावायचीही, बोलत बोलत, भरपूर बोलत. गप्प बसलेली अंबिका पिंगळीत पुन्हा कुणी पाहिली नाही. स्वतःच्या पांढऱ्या केसांना तिनं कधी काही लावलं नाही.