चहावरचा हात

पुण्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. खडकीला एका क्वार्टरमध्ये मुलगी पाहायला गेलो आणि मुलीच्या वडिलांच्या चहावर हात ठेवला. नुसता माझ्या कपावर ठेवला असता तर निभावलं असतं. पण मी डावा हात माझ्या कपावर आणि उजवा त्यांच्या कपावर, असा टीपॉयवर आडवा पसरून बसलो. बाहेर कारखान्याचा भोंगा वाजला होता, एवढंच कारण.

ते त्याच कारखान्यात नोकरीला. शांतपणे म्हणाले, "आपल्याला चहा नको असेल तर तसं सांगावं. माझा मला पिऊ द्यावा."

चंद्रपूरकडच्या माझ्या माणसांनो, तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. पण पुणेकरांना सांगावं लागतं. आमच्या गावाला लागून कोळशाची उघडी खाण. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचे, घर हादरायचं आणि छपराच्या कवेलूंच्या फटींतून काळी भुकटी गळायची. म्हणून भोंगा झाला की हात कपावर. पाहुण्याच्या कपावर आधी. आमच्याकडे त्याला अगत्य म्हणत.

गाव सोडलं त्या सकाळी आई एसटीत चढली, माझी सीट पदरानं पुसली आणि काळा झालेला पदर पाहत म्हणाली, "पुण्याले धूळ नसन ना रे?"

"नसन," मी म्हणालो, जणू आधी कुणाला तरी पाठवून खात्री करून घेतली होती.

"मंग पोचल्यावर फोन करजो," म्हणून ती उतरली.

एसटी खाणीच्या फाटकावरून गेली. खाण अगदी रीतसर होती. फाटकावर परवानगीचा बोर्ड, त्यावर हिरवीगार झाडं आणि एक हरीण रंगवलेलं. धुळीनं त्या हरणाची नीलगाय झाली होती. पलीकडचं मोहाचं जंगल गेलं, नाल्याचं पाणी शाईसारखं झालं, विहिरी खोल खोल गेल्या. तेही बहुधा रीतसरच.

हिंजवडीच्या ऑफिसात एकानं विचारलं, "सकाळी टेकडीवर येता का?" मी विचारलं, "वर वाघीण आहे का?" सगळे हसले. मला विनोदी माणूस म्हणून तिथे जी प्रतिष्ठा मिळाली, ती या एका प्रश्नावर. मी मात्र खरंच विचारलं होतं. आमची टेकडी म्हणजे खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचा डोंगर. त्यावर सुबाभूळ लावली. झाडोरा वाढला तशी रानडुकरं आली आणि त्यांच्या मागोमाग वाघीण. जंगल गेलं म्हणून तिनं खाणीच्याच मातीवर बिऱ्हाड मांडलं. खाली डंपर घरघरत, वर तिची पिल्लं उन्हात लोळत.

बाबा गेल्यावर आई तिथे एकटी. दर दिवाळीला मी म्हणायचो, "वाघीण गोठ्यापर्यंत येते, आता तरी चल."

"ते गेली का कुठं? मंग मी कायले हलू?" मी चिवडा खायचो.

पुढे खाण वाढली, परवानगीनंच. गाव उठलं. मातीचा डोंगरही हलवला. वाघीण कुठे गेली, कुणालाच माहीत नाही. मला वाटलं, आता आई येईल. मी तिच्यासाठी बाल्कनीकडची खोली रिकामी केली, पलंगही आणला. ती आली नाही. हायवेलगतच्या नव्या वसाहतीत शेजारणींबरोबर राहायला गेली. त्या पलंगावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

परवा दुपारी मी चहा घेऊन खडकीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"सिलॅबचं घर हाय, बापू. वरून काही पडत नाही. भोंगा बी आयकू येत नाही. लय सामसूम वाटते. तुह्याकडे वाजते ना अजून?"

"वाजतो की. आत्ता वाजेल."

"मंग आयकव न मले."

मी फोन बाल्कनीच्या कठड्याबाहेर धरला. कारखान्याचा भोंगा वाजला, लांबलचक. थांबल्यावर फोन कानाला लावला. पलीकडे बशी किणकिणली आणि आई म्हणाली, "पी आता चहा. काही पडलं नाही."

ठेवला फोन तिनं. पुण्यात इतकी वर्षं काढली, फ्लॅट झाला, अस्सल पुणेरी सासरा झाला. पण घर म्हटलं की मला आता ना गाव आठवतं ना अंगण. ती जागाच उरली नाही. उरला तो एक भोंगा, तोही दुसऱ्यांचा.

खाली पाहिलं तर माझा डावा हात कपावर होता. दारात बायको उभी होती. खडकीची तीच मुलगी. हात घाईनं उचलायला गेलो, तशी म्हणाली, "अहो, राहू द्या तसाच. तेवढाच चहा गरम राहतो."