वत्सलाबाईंची मूठ

देवराज रामोजी यांनी सरकारी वजनमाप खात्यात एकतीस वर्षे काढली, आणि त्या एकतीस वर्षांत मॉरिशसमधल्या एकाही दुकानदाराने त्यांना आपण होऊन चहा पाजला नाही. याचा त्यांना अभिमान होता. पितळी वजनांची पेटी घेऊन ते दुकानाच्या पायरीवर दिसले की कुणीतरी आत ओरडे, "मिस्ये बालांस आला!" तराजूवाले साहेब आले, एवढाच त्याचा अर्थ, पण आतून काहीतरी घाईने सरकवल्याचा आवाज येई आणि देवराजांचा दिवस चांगला जाई.

१९६१च्या डिसेंबरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात वरच्या साहेबाने इंग्रजीतून सल्ला दिला की आता घरी बसून एखादा आनंददायी छंद लावून घ्यावा. वरिष्ठांची सूचना म्हणजे हुकूम, अशी देवराजांची आयुष्यभराची समजूत. बो बासें गावातल्या घरी त्यांनी सोमवारी सकाळी सात वाजता छंद सुरू केला.

पहिला छंद अँथुरियमच्या फुलांचा. सहा कुंड्या आणल्या, रोज पाणी मोजून घातले, आणि सहाही रोपे त्या मोजलेल्या पाण्यात कुजली. दुसरा छंद टपाल तिकिटांचा. पण त्यांना पत्रे येत ती फक्त लालमती गावात दिलेल्या मुलीची, चंद्रिकेची. त्यामुळे संग्रहात एकाच राणीची एकाच रंगातली अकरा चित्रे जमली. तिसरा छंद रेडिओदुरुस्तीचा. रेडिओ त्याआधी चालत होता.

वत्सलाबाई हे सगळे दारातून पाहत. लग्नाला तेहतीस वर्षे झाली होती, पण नवरा दिवसा घरात असतो ही गोष्ट त्यांना नवी होती. त्या मूळच्या शमें ग्रेनिएच्या, उसाच्या मळ्यात वाढलेल्या. बोलणे थोडे, आणि असेल ते टोकदार.

फेब्रुवारीत, बहिणीकडे जाते असे सांगून, त्या चंद्रिकेबरोबर मोठ्या इस्पितळात गेल्या. पोटातले दुखणे वर्षभर अंगावर काढले होते. डॉक्टर फ्रेंचमधून बोलले. चंद्रिकेने मराठीत सांगायला सुरुवात केली. मराठी पुरेना तेव्हा ती बेटावरच्या क्रेओल बोलीत शिरली, आणि मग तिथलेही शब्द संपले. अर्थ एवढाच होता की गाठ पसरली आहे, कापून उपयोग नाही, आणि वर्ष निघेल असे वाटत नाही.

बसथांब्यावर चंद्रिका रडत होती. वत्सलाबाई बस कुठवर आली ते पाहत होत्या.

"बाबांना कधी सांगायचं, आई?"

"सांगायचं नाय."

"असं कसं?"

"सांगितलं तर ते बसतील. एकदा बसले की उठायचे नाय. मला ते उभे पायजेत." मग म्हणाल्या, "त्या माणसाला साधा चहा येत नाय गं. मी गेले की तो काय खाणार?"

"मी आहे ना. लालमतीला घेऊन जाईन."

"तुझ्या सासूच्या घरात? दुसऱ्या दिवशी तिच्या डाळीचा डबा वजन करतील ते."

चंद्रिकेला रडता रडता हसू आले, आणि तेवढ्यात बस आली. वत्सलाबाईंच्या पुढे आता एकच काम होते. जायच्या आत या माणसाला स्वतःपुरते रांधता आले पाहिजे, आणि ते का शिकवले जातेय ते त्याला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी रेडिओचे भाग टेबलावरून गोळा करताना त्या म्हणाल्या, "अहो, सगळे छंद झाले. एक राहिलाय."

"कुठला?"

"रांधायचा."

"पुरुषमाणसाने?"

"पोर्ट लुईच्या होटेलात कोण रांधतं? तुमच्या साहेबाच्या बंगल्यावर कोण रांधतं? सगळे मिशावालेच ना?"

मुद्दा बिनतोड होता. देवराजांनी एक कोरी वही घेतली, पहिल्या पानावर 'पाककृती' लिहून खाली दुहेरी रेघ मारली, आणि पेन्सिल कानावर लावून घासलेटच्या स्टोव्हसमोर उभे राहिले.

"भाताला तांदूळ किती?"

"माणशी दोन मुठी."

"कोणाची मूठ?"

"माझी. आणि कोणाची असणार?"

एकतीस वर्षे ज्या माणसाने अर्ध्या ग्रॅमसाठी लोकांना कोर्टात उभे केले, त्याच्या स्वयंपाकघरात कायदेशीर माप म्हणून बायकोची मूठ चालू होती. देवराजांना हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराकडून एक जुना तराजू विकत आणला. तो त्यांनीच १९५२ साली नापास केला होता. दुकानदाराने दुरुस्त करून ठेवला होता, आणि विकताना तो फार वेळ हसत होता. मग वत्सलाबाईंनी मूठ भरायची, ती तराजूत ओतायची, देवराजांनी वजन लिहायचे. तांदूळ, एक मूठ, अठ्ठावन्न ग्रॅम. मसूर, एक मूठ, एकसष्ट. स्वतःची मूठही त्यांनी तुलनेसाठी मोजली. ती त्र्याहत्तर भरली.

"म्हणजे तुमच्या हाताने रांधलं तर पातेलं उतू जाणार," वत्सलाबाई म्हणाल्या. "लिहा वहीत."

त्यांनी लिहिले.

शिक्षण आठवड्याला एका पदार्थाच्या वेगाने चालले. भात, मसुराचे वरण, मग ब्रेद, म्हणजे तिथली रोजची पालेभाजी, मग टोमॅटोचे रुगाय, म्हणजे घट्ट मसालेदार रस्सा. पाट्यावर मसाला वाटताना देवराजांचे खांदे भरून येत, आणि वत्सलाबाई बाजूच्या स्टुलावर बसून म्हणत, "नीट वाटा. दुकानदारावर ओरडताना कसा जोर येतो?" मेपर्यंत त्यांचा भात खाण्याजोगा झाला. जुलैत चंद्रिका आली, तिने वरण दोनदा मागून घेतले आणि परसात जाऊन नळाखाली तोंड धुतले. मिरची लागली, म्हणाली.

देवराजांना काही दिसत नव्हते असे नाही. बायको कमी जेवते हे दिसत होते. पण तिचे उपास आयुष्यभर चालूच होते. ती बारीक झाली हेही दिसले असते, पण साडीला माप नसते. निऱ्या चार होत्या त्या सहा झाल्या, एवढे मोजायची सवय नवऱ्यांना नसते.

त्यांना मोजायची सवय होती ती वहीत. खात्याचा नियम होता, एकदा तपासलेले माप दर महिन्याला पुन्हा तपासायचे. म्हणून दर पहिल्या तारखेला वत्सलाबाईंना मूठ भरावी लागे. मार्च, अठ्ठावन्न. एप्रिल, सत्तावन्न. मे, पंचावन्न. जून, बावन्न. ऑगस्टच्या एक तारखेला सत्तेचाळीस भरले, आणि तपासनीसाच्या कपाळाला आठी पडली.

"तुझी मूठ कमी भरतेय."

"मग करा दंड."

"चेष्टा नाही. वरणाचं सगळं गणित बिघडतं."

प्रथम त्यांनी तराजूवर संशय घेतला. जुन्या खात्यात जाऊन सरकारी वजने मागून आणली आणि तपासले. तराजू बरोबर होता. मग तांदळावर संशय घेतला. पण स्वतःची मूठ भरली तर ती त्र्याहत्तरच भरली. देवराज टेबलाशी बसून राहिले. तराजू बरोबर, वजने बरोबर, माल बरोबर. एकतीस वर्षे ते नव्या कारकुनांना शिकवत आले होते की एवढे सगळे बरोबर असले तर पुढे काय तपासायचे. हात तपासायचा.

त्यांनी स्टुलावर बसलेल्या बायकोचा हात पाहिला. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

त्यांनी वही मिटली, तराजू कपाटावर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी लालमतीची बस धरली. चंद्रिका अंगणात कपडे वाळत घालत होती.

"तुझ्या आईला काय झालंय?"

"काय, काहीच नाही, बाबा, ती जरा—"

"अकरा ग्रॅम कमी झालीय ती. मुठीत."

चंद्रिकेच्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. तिने सगळे सांगितले. शेवटी देवराज म्हणाले, "म्हणजे तो छंद नव्हता."

"नाही, बाबा."

परतीच्या बसमध्ये त्यांच्या मनाने एक हिशेब मांडला. हा हिशेब कुठल्याही डॉक्टरला हास्यास्पद वाटला असता. पण तेहतीस वर्षे वत्सलाबाईंना ओळखणाऱ्याला वाटला नसता. ही बाई हातातले काम अर्धे टाकून कधी कुठे गेलेली नाही. मी शिकलो, की ती जाणार. तेव्हा मी शिकायचे नाही.

दुसऱ्या दिवसापासून होतकरू विद्यार्थी बिघडला. भात खाली लागला. वरणात दोनदा मीठ पडले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचे एक खोटे माप चालू दिले नव्हते, तो बायकोची पाठ वळली की चमच्याने मोजून बिघाड करू लागला. एकदा त्यांनी रुगायमध्ये साखर घातली.

"अहो, गेल्या महिन्यात येत होतं ना हे?"

"विसरलो."

"पुन्हा करा. मी उभी राहते."

आणि त्या उभ्या राहत. ओट्याची कड धरून, कपाळाला घाम, तासतासभर. स्टूल आता त्यांनी बाजूला सारले होते. बसून शिकवले म्हणून शिकला नाही, असे त्यांना वाटू लागले होते. देवराजांना वाटे, तिचा एकेक दिवस वाढतोय.

सप्टेंबरच्या एका रविवारी चंद्रिका आली. आईला आत निजवून ती बापाजवळ आली.

"बाबा, तुम्ही मुद्दाम करताय."

देवराज स्टोव्हची वात खालीवर करत राहिले.

"तुम्हाला वाटतंय तुम्ही तिला थांबवून ठेवताय. आयो, बाबा! ती थांबत नाहीये. ती नुसती घाबरतेय. मघाशी मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, चंदू, माझं काम झालं नाय. ते उपाशी मरतील गं. दुखतंय असं तिने तोंडातून काढलं नाही. हेच, सारखं हेच."

देवराजांनी वात विझवली. मग म्हणाले, "तिला उद्या दाराशी खुर्ची टाकून दे. आणि सांग, मधे बोलायचं नाही."

सोमवारी वत्सलाबाई दाराशी खुर्चीत बसल्या, आणि देवराजांनी एकट्याने भात, मसुराचे वरण, ब्रेद आणि रुगाय केले. वही उघडली नाही. तराजूही काढला नाही. ताट पुढे आले तेव्हा वत्सलाबाईंनी चार घास खाल्ले. त्या महिन्यातले ते सगळ्यात मोठे जेवण होते.

"मीठ?" देवराजांनी विचारले.

"बरोबर हाय." त्या त्यांच्याकडे पाहत होत्या. "इतके दिवस मुद्दाम बिघडवत होता ना?"

"हो."

"मला वाटलंच. रुगायमध्ये साखर कोण घालतं हो?" आणि त्या हसल्या, पोट धरून, कारण हसताना फार दुखत असे. "म्हणजे कळलं तुम्हाला."

"कळलं."

"बरं झालं. आता मी जरा पडते."

त्या पुन्हा स्वयंपाकघरात आल्या नाहीत. पुढचे पाच आठवडे देवराजांनी रांधले. आधी वरणभात, मग नुसता मऊ भात, मग पेज, मग पेजेचे वरचे पाणी. पेज कशी करायची ते वत्सलाबाईंनी शिकवले नव्हते. ते त्यांना आपोआप आले.

जायच्या आदल्या दिवशी चमचा बाजूला सारून वत्सलाबाईंनी विचारले, "तुम्ही जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

देवराजांनी दोन दिवस चहाशिवाय काही घेतले नव्हते. "भात," ते म्हणाले. "मसुराचं वरण. ब्रेद केली, लसूण घालून. वर थोडं लोणचं."

"ब्रेद जास्त शिजवली नाय ना?"

"नाही. हिरवी होती."

"मग ठीक," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. सकाळी त्या गेल्या. दुपारी त्यांना नेले.

संध्याकाळी चार घरांतून डबे आले. मयताच्या घरात चूल पेटत नाही, हे तिथल्या मराठी माणसांनी समुद्र ओलांडतानाही सोडले नव्हते. तेरा दिवस शेजारी आणि सोयरे जेवण आणतात. शमें ग्रेनिएहून आलेली वत्सलाबाईंची थोरली बहीण, भगवती, बायकांमध्ये बसली होती. तिला आतून स्टोव्ह पेटल्याचा वास आला आणि ती धावत गेली. देवराज न्हाऊन ओल्या धोतरात ओट्याशी उभे होते आणि ब्रेद निवडत होते.

"भाऊजी! आयो, काय करताय? आजच घरातनं माणूस गेलं, आणि तुम्ही चूल पेटवता? लोक काय म्हणतील? डबे हायत ना एवढे!"

"मावशी, राहू दे," मागून चंद्रिका म्हणाली.

"राहू दे काय? सुतक हाय, पोरी!"

"मी तिला सांगितलंय की मी हे जेवलो," देवराज म्हणाले. "खोटं सांगितलं. काल."

भगवतीने पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन दाराशी बसली, कुणी आत येऊ नये म्हणून.

देवराजांनी भात केला, वरण केले, लसूण घालून ब्रेद परतली आणि हिरवी असतानाच उतरवली. ताटात लोणचे वाढले. मग जमिनीवर बसून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, ते सगळे ताट संपेपर्यंत एकेक घास जेवले.