गादीवाले मामा झोपले त्याची गोष्ट

आमचे मामा गाद्या विकत. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लोडाला टेकून बसलेला एक सुखी दुकानदार येतो. मामा दुकानदार नव्हते, कारखान्याचे फिरते विक्रेते होते. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात नमुना म्हणून कापलेला गादीचा वीतभर चौकोन, अशी त्यांची स्वारी गावोगाव जायची आणि वसतिगृहं, दवाखाने, लॉज यांच्या दारात उभी राहायची.

सवय अशी लागलेली की कुठेही गेले तरी बसायच्या आधी पंजा दाबून बघायचे. माझ्या सासुरवाडीला पहिल्यांदा आले तेव्हा सासऱ्यांना नमस्कार करायच्या आत त्यांनी दिवाण दाबला आणि "कापूस गोळा झालाय," असं निदान केलं. सासरे मला हळूच म्हणाले, "तुझे मामा डॉक्टर आहेत का?"

"डॉक्टर निदान विचारून तरी हात लावतो," मामी म्हणाली.

मामी म्हणजे मामांच्या प्रत्येक गोष्टीचं शुद्धिपत्र. मामा गोष्ट सांगणार आणि मामी स्वयंपाकघरातून चुका दुरुस्त करणार. खाली जे सांगतोय ते दोघांकडून मिळून ऐकलेलं आहे, त्यामुळे खरं असावं.

त्या वर्षी कारखान्याच्या मालकांनी मामांना बोलावून सांगितलं, "फिरतीचा खर्च परवडत नाही. शहरातलं ते मोठं हॉटेल आहे ना, त्याची ऑर्डर आणा. आणलीत तर फिरती चालू. नाही आणलीत तर पुढल्या महिन्यापासून गोदामात बसून माल मोजा."

मामांना गोदामात बसवणं म्हणजे पोस्टमनला पत्रपेटीत कोंडणं. गावोगावची ओळखीची माणसं, स्टँडवरचा चहा, "या, गादीवाले!" म्हणून होणारं स्वागत, हेच त्यांचं आयुष्य होतं. ते गेलं तर उरणार काय? या विचारानं त्यांची झोप उडाली. रात्र रात्र छताकडे बघत पडायचे. मामी म्हणायची, "अहो, मिटा आता डोळे. त्या छताला तरी लाज वाटत असेल." थोडा वेळ डोळे मिटायचे, थोडं घोरायचे, दचकून उठायचे, पुन्हा छत. जगाला झोपवणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात राखणदार झालेला.

शेवटी हॉटेलच्या खरेदीसाहेबांनी एक अट घातली. गादी विकणारे सगळेच आपली गादी चांगली म्हणतात, तेव्हा आधी आमच्या गादीवर एक रात्र पाहुणे म्हणून झोपा, आणि सकाळी दहाला येऊन तिच्यात काय खोट आहे ते सांगा. ती गादी अर्थात दुसऱ्या कंपनीची. मामा खूश झाले. दुसऱ्याच्या गादीतली खोट काढायची म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मेजवानीच.

इस्त्रीचा शर्ट घालून, नमुन्याचा चौकोन काखोटीला मारून मामा हॉटेलात शिरले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कामासाठी आलात की फिरायला?"

"फिरायचंच काम आहे, ताई," मामा म्हणाले. तिनं रजिस्टरमध्ये नेमकं काय लिहिलं कोण जाणे.

लिफ्टमधून बाहेर आल्यावर पायाखालचा गालिचा इतका मऊ लागला की मामा वाकून तो दाबायला लागले. बॅग घेऊन आलेला माणूस म्हणाला, "काही पडलं का साहेब?" दाराला किल्लीऐवजी कार्ड. मामांनी ते सगळ्या बाजूंनी घालून पाहिलं. दार उघडलं ते शेवटी त्या बॅगवाल्यालाच दया आली म्हणून.

खोलीत पलंग एवढा मोठा, की आमच्या घरात तो आणला असता तर आम्ही सगळे गॅलरीत झोपलो असतो. खिडकीला पडदे दुहेरी, जाड. आणि उशा? एका माणसाला सहा! एवढ्या उशांत गादीची तपासणी कशी होणार? मामांनी दोन ठेवल्या आणि बाकीच्या शेजारच्या टेबलावर रचल्या. टेबलावर फोन होता. तो उशांखाली गेला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मोबाईल तेव्हा आपल्यासारख्यांच्या खिशात आलेले नव्हते.

दिवा मालवून मामा कामाला लागले. आधी डावी कूस तपासली. मग उजवी तपासली. आता पाठीवर पडून मधला खड्डा शोधायचा, की झालं काम.

"तो खड्डा मला अजून सापडायचाय," मामा म्हणतात.

जाग आली तेव्हा खोलीत मिट्ट काळोख. मामांना वाटलं, पाचएक मिनिटं डुलकी लागली असेल. अंग मात्र कधी नव्हे इतकं हलकं. चूळ भरावी म्हणून उठले, चाचपडत पडदा सरकवला, आणि उन्हानं फाडकन तोंडात मारली. खाली रस्त्यावर ऑफिसांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेली होती! कुणी डबा उघडून बाकावर बसलेलं, कुणी हात पुसत परत निघालेलं.

मामा सांगतात, "डोळ्यांपुढे सरळ गोदाम दिसलं. पोत्यांसकट."

अंगातला शर्ट रात्रभराचा चुरगळलेला, बटणं अर्धी निसटलेली, अशा अवस्थेत मामांनी दार उघडलं. बाहेरच्या मुठीला पाटी लटकत होती, पाहुण्यांना उठवू नये अशी. मामांनी ती लावलेली नव्हती. समोर चादरींची गाडी घेऊन हॉटेलच्या मुख्य सफाईबाई उभ्या होत्या. केसांची घट्ट गाठ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"उठलात?" त्या म्हणाल्या. "छान झोप लागली ना?"

"ही पाटी कोणी लावली?"

"मी लावली."

"अहो बाई, काय केलंत हे! माझी दहाची भेट होती!"

"माहिती आहे. खरेदीसाहेबांचे फोन येत होते. तुम्ही फोन उचलेनात, म्हणून दार वाजवलं, तरी उत्तर नाही. मी घाबरले हो. एकटा माणूस, वयाचा... नको नको ते मनात येतं. माझ्याकडच्या कार्डानं उघडून बघते तर तुम्ही आपले तोंड उघडं टाकून, माझ्या धाकट्या नातवासारखे."

"मग उठवायचं ना!"

"उठवणारच होते. तेवढ्यात तुमच्या घरून फोन आला; खोलीतला कुणी उचलेना म्हणून काउंटरनं तो मजल्यावरच्या फोनवर दिला. गोळी घेतलीत का विचारायला. त्यांना म्हटलं, साहेब झोपलेत, उठवू का? त्या म्हणाल्या, मुळीच उठवू नका. आता पाहुण्याच्या बायकोनं सांगितल्यावर मी कशी उठवू? आणि खरेदीसाहेबांनाही मी कळवलंय. ते म्हणाले, उठले की येऊ देत."

मामा तसेच लिफ्टकडे निघाले. बाईंनी त्यांच्याकडे वरून खाली पाहिलं. "असे जाऊ नका. तो शर्ट काढून द्या, खाली इस्त्री करून देते. तोवर दुसरा कुठलाही घाला अंगात आणि चला माझ्याबरोबर."

मालाच्या लिफ्टनं त्या मामांना तळघरात घेऊन गेल्या. वर गालिचा, इथे फरशी. इस्त्रीवाला शर्टावर वाफ सोडत होता, तोवर मामा दोन पावलं पुढे गेले. शेजारच्या खोलीत लोखंडी पलंग ओळीनं मांडलेले. दोन पाळ्यांच्या मध्ये हॉटेलची माणसं इथे पाठ टेकत. मामांचा पंजा आपसूक पुढे गेला आणि पलंगावर दाबला गेला.

"बाई, ही गादी आहे की पुठ्ठा?"

"वरच्या मजल्यांवरून काढलेल्या जुन्या गाद्या आहेत. आधी तिथे झिजल्या, आता इथे झिजतायत."

"आणि यावर कोण झोपतं?"

"आम्हीच. तुमची वरची गादी दर महिन्याला जी माणसं उलटतात, झटकतात, ऊन दाखवतात, ती. म्हणून तर ती तुम्हाला एवढी छान वाटली."

इस्त्रीचा गरम शर्ट अंगात घालून मामा खरेदीसाहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "या, या. मग? काय खोट आहे आमच्या गादीत?"

मामा सांगतात, रात्री वाटेत मी आठ-दहा उणिवा पाठ करून ठेवल्या होत्या. पण गाढ झोप झालेल्या माणसाला खोटं बोलायला जड जातं.

"साहेब, खोट काढायला आडवा झालो आणि दुपारी उठलो. आता तोंडानं काय सांगू?"

साहेब एवढे हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "म्हणजे गादी चांगली आहे?"

"उत्तम आहे. तुमच्या माणसांनी राखलीही छान आहे. अजून चार-पाच वर्षं तिला हात लावू नका."

"मग तुमच्याकडून मी काय घ्यायचं?"

"वरच्यासाठी काही नाही," मामा म्हणाले. आणि इथे त्यांचा आवाज फिरत्या विक्रेत्याचा झाला. "पण तळघरातल्या पलंगांवर तुमची माणसं पुठ्ठ्यावर झोपतात. माझ्याकडे त्या मापाची गादी आहे. घट्ट कापूस, धुता येणारी खोळ. हा बघा नमुना. दाबा. अहो दाबा, लाजू नका."

साहेबांनी नमुना दाबला. मग सफाईबाईंना वर बोलावलं आणि नमुना त्यांच्यापुढे केला. बाईंनी दाबलाही नाही. "साहेब, पाच वर्षं मी हेच सांगतेय," एवढंच म्हणाल्या. ऑर्डर निघाली. मालकांनी स्वप्न पाहिलं होतं तेवढी मोठी नव्हती, पण कागदावर वर हॉटेलचं नाव होतं.

मालकांनी तो कागद उलटसुलट पाहिला. "मी तुम्हाला खोल्यांची ऑर्डर आणा म्हटलं होतं."

"तुम्ही हॉटेलची म्हणालात."

मालकांनी कागद टेबलाच्या खणात ठेवला. मग म्हणाले, "धंद्यात एवढी वर्षं काढली, पण झोपून ऑर्डर आणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. जा, सोमवारी निघा दौऱ्यावर."

त्या सफाईबाईंचं नाव निघालं की मामा अजून हात जोडतात. शहरात फेरी झाली की तळघरात डोकावून, "गाद्या कशा आहेत?" असं विचारून येत. बाई म्हणत, "गाद्या चांगल्या आहेत, पण आता पोरं उठत नाहीत. तक्रार कोणाकडे करू?" मामांना एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या तक्रारीनं झाला नसेल.

पण त्या दिवशी घरी आल्यावर मामांनी आधी मामीला धारेवर धरलं. पाट मांडलेला, ताट वाढलेलं, आणि मामा जेवायच्या आधीच सुरू झाले.

"अगं, तुला माहीत होतं ना दहाची भेट आहे? नोकरीचा प्रश्न होता! उठवू नका काय म्हणालीस?"

"गोदामात बसला असतात तर रोज दुपारी गरम जेवायला घरी आला असतात. माझं काय वाईट होणार होतं?"

"थट्टा नकोय मला."

मामी वाढता वाढता थांबली. "मी त्या बाईंना म्हटलं, घोरतायत का हो? त्या म्हणाल्या, नाही, अगदी शांत झोपलेत, छातीवर हात ठेवून. अहो, किती दिवस झाले तुम्हाला असं झोपलेलं मी पाहिलेलं नाही. रोज रात्री मी पण जागी असते, तुम्हाला वाटतं झोपलीय. ऑर्डर काय, आज नाही तर उद्या. नाही तर गोदाम. पण तुम्हाला उठवा असं माझ्या तोंडून निघेना. मग फोन ठेवला आणि मीसुद्धा तिथेच खुर्चीत झोपले."

गोष्ट इथवर आली की मामा घसा खाकरतात. "मग मी हिला म्हटलं—"

"काही म्हणाला नाहीत," स्वयंपाकघरातून आवाज येतो. "एक अक्षर बोलला नाहीत. मुकाट्यानं जेवलात, आणि मग स्वतःचं ताट घासलंत. माझं पण घासलंत."

"बरं घासलं होतं ना?"

"बरं कसलं, दोन्ही ताटं मला पुन्हा घासावी लागली," मामी म्हणते.