क्रियापद नसलेला निरोप

गंगापूर रोडवरच्या कॉलेजात मी संगणकाच्या भाषांचं व्याकरण शिकवतो. पहिल्याच तासाला पोरांना दम देतो: एक वाक्य, एकच अर्थ, दोन निघाले तर ते वाक्य मशीनच्या कामाचं नाही. माणसांची भाषा किती घोळाची, हे दाखवायला मी फळ्यावर 'परवा' लिहायचो. होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा! "क्रियापद आलं की उलगडतं," असं म्हणून पोरांना हसवायचो. आता नाही लिहीत.

हीच अक्कल मी घरीही पाजळली. आई गेल्यापासून अण्णा, माझे वडील, सिन्नरला एकटेच. मोबाइलवर पानभर लिहायचे. वांगी लागली, नळाला पाणी आलं, शेजारची म्हैस व्यायली. एकदा मी वैतागून म्हणालो, "अण्णा, मुद्द्याचं तेवढं लिहा हो. वेळ नसतो मला."

त्यानंतर एका बुधवारी निरोप आला: 'परवा डोळ्याचं ऑपरेशन.'

मला वाटलं, मला न सांगताच मोतीबिंदू काढून मोकळे झाले. असा राग आला! 'बरं झालं,' एवढंच लिहिलं आणि तिरमिरीत फोनही केला नाही.

रविवारी गेलो तर अण्णा काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेले. "शुक्रवारी झालं," म्हणाले. म्हणजे निरोपातला 'परवा' यायचा होता! दवाखाना इंदिरानगरातला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. अण्णा एकटेच जीपने आले, डोळ्याला पट्टी बांधून जीपनेच परत गेले.

"तू येशील असं वाटलं होतं. पण 'बरं झालं' म्हणालास. म्हटलं, सवड नसंल."

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. शेजारी पडलेली दवाखान्याची फाइल चाळत बसलो. संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही होती. नातं: मुलगा. सही माझी नव्हती.

"ही कोणाची?"

"शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, त्यांच्या पोराची. सोबत कोणी असल्याबिगर आत घेईनात. भला माणूस, लगेच उभा राहिला."

"अहो, पण 'मुलगा' कशाला लिहिलं?"

"मीच सांगितलं," अण्णा म्हणाले. "मुलगा हाय ना मला? मग 'कोणी नाय' असं कसं लिहू देऊ?"