सगळ्या वर्गाचे हात वर

गेल्या मंगळवारी कशेळ्याच्या पुढच्या एका शाळेत माझा पाठ झाला आणि 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला. संध्याकाळी फळ्याजवळचा फोटो इथे टाकला, तुम्ही सगळ्यांनी भरभरून अभिनंदन केलंत... ते अभिनंदन मला परत करायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या आम्हाला शाळांवर शिकवायला पाठवतात, आणि एक दिवस कॉलेजच्या मॅडम येऊन मागे खुर्ची टाकून आमचा पाठ तपासतात.

कडावच्या आमच्या बौद्धवाड्यात मी पास व्हायच्या आधीच 'बाई' झाले आहे. सकाळी कशेळ्याची जीप पकडायला निघाले की शेजारच्या काकू नळावरून ओरडतात, "बाई निघाल्या गं, वाट द्या!" मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले होते, खोटं कशाला बोलू.

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमची आत्या. स्वतः दहावीला थांबली, पण गेली कित्येक वर्षं संध्याकाळी विहारात मुलांचा अभ्यास घेते. मी पाढे तिच्याकडेच शिकले, आणि तिच्याकडे बघूनच ठरवलं की व्हायचं तर शिक्षिका.

तर पाठाच्या आदल्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. मॅडमसमोर मी प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प बसला तर? अशा वेळेसाठी सीनियर मुलींकडून आम्हाला एक युक्ती मिळालेली असते... उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. मागे बसलेल्याला सगळ्या वर्गाचे हात वर दिसतात, आणि आपण फक्त उजव्यांना विचारायचं.

तशी मी तालीमच घेतली. मुलांना तो खेळ वाटला. पण डोंगरावरच्या वाडीतून चार मुलं येतात, त्यांचे मधेमधे खाडे असतात, आणि त्यांचं मला काही नक्की सांगता येईना. शेवटी म्हटलं, "तुम्ही चौघं सगळ्यालाच डावा करा रे, घोळ नको." विषय अर्ध्या मिनिटात मिटवला... माझे तक्ते रंगवायचे राहिले होते ना!

पाठ झकास झाला. मॅडमनी वहीत काही लिहिलं की मला वाटायचं, पकडलं... चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. पण शेवटी त्या हसल्या आणि म्हणाल्या, वर्ग किती जिवंत ठेवला आहेस.

गुरुवारी मॅडम नव्हत्या, साधा तास होता, त्यामुळे येत नसेल तर डावा हात करायचं मुलं विसरूनच गेली होती. भातशेतीवर बोलणं चाललं होतं, म्हणून मी विचारलं की पेरणीआधी शेतात राब का भाजतात, पालापाचोळा का जाळतात? गावातली मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. हात एकच वर आला, वाडीतल्या जनाचा... डावा.

मी सरळ दुसऱ्या मुलाकडे वळले. दोन दिवसांत मला सवयच लागली होती, बघा! पण तिचा हात काही खाली येईना.

"जना, येत नाही तर हात कशाला गं?"

"येतंय बाई."

"मग डावा का?"

"आमचा डावाच हाय ना. तुमीच सांगितलंत."

तिच्या आवाजात तक्रारीचा सूरही नव्हता. मग तिने उत्तर दिलं... जमीन भाजली की तण मरतं, राखेनं रोप जोमात येतं, आणि पाला तर ती स्वतः आईबरोबर रानातून आणते. माझ्यापेक्षा बरं सांगितलं तिने.

मी फळ्याकडे तोंड करून उगाच खडू शोधत राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. हिला काही येत नाही असं मी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं, आणि तिने तो बाईंचा नियम म्हणून मुकाट पाळला होता.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, पण ती तांदूळ निवडत राहिली. निवडता निवडताच म्हणाली, "मी शाळेत हात वर करून करून खांदा दुखवून घ्यायची गं. गुरुजी बघायचेच नाय. पन हात तरी माझा होता." मी उठून आत गेले.

शुक्रवारी वर्गात सांगितलं की माझं चुकलं, डावा-उजवा आजपासून बंद. येत असेल त्याने हात करा, नसेल येत तर खुशाल खाली ठेवा. त्या चौघांची नावं घेऊन माफी मागितली. मुलं हसली, मलाही हलकं वाटलं. चला, सुटले एकदाची!

तेवढ्यात जनाने विचारलं, "बाई, त्या मागं बसलेल्या बाईंना सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. मुलांची माफी मागणं सोपं होतं, कारण माझे मार्क त्यांच्या हातात नाहीत. शनिवारी कॉलेजमध्ये मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले. एकदा तर त्यांनी स्वतः विचारलं, काय गं, काही काम होतं का? मी म्हटलं, काही नाही मॅडम, सहजच.

म्हणून आज इथे लिहिते आहे. मॅडम माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, आत्या वाचेल, सगळा वाडा वाचेल... आता मागे फिरायची सोय नाही. जनाने विचारलं नसतं तर मी स्वतःच स्वतःला माफ करून मोकळी झाले असते. तिचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळत नाही.

मॅडम, तो पाठ मी रचलेला होता. उद्या कॉलेजला येऊन तुमच्यासमोर हेच सांगणार आहे. पाठ पुन्हा घ्यायला लावलात तर घेईन. त्या दिवशी बरेच हात खाली असतील, आणि त्यांच्याजवळ जाऊन काय अडलंय ते मी विचारत असेन.