नानांनी पाहिलेली कॉलेजं

शिकायला म्हणून कॉलेजची पायरी एकदाही न चढलेला, पण कॉलेजातल्या माठाच्या पाण्यापासून वाचनालयातल्या पुस्तकांवरच्या धुळीपर्यंत सगळं तपासून आलेला माणूस त्या काळच्या अख्ख्या पूर्व खानदेशात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आमच्याच गावात, रावेरला, त्यांचे केळीचे मळे होते. स्टेशनावरून दिल्लीकडे केळीच्या वॅगनी जायच्या, त्या भरताना नाना जवळ उभे नसले तर वॅगन रिकामीच गेली असं गावाला वाटायचं. शिक्षण मराठी चौथी. आवाज असा, की प्लॅटफॉर्मवर ते कुणाच्या कानात काही सांगू लागले तर ते गार्डालाही ऐकू जायचं.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. एकदा जळगावच्या दुकानात छत्री घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "नाना, थेंब गळणार नाही." नाना छत्री उघडून रस्त्यात उभे राहिले आणि दुकानातल्या गड्याला म्हणाले, "वत घागर." तीन छत्र्या आणि तीन घागरी झाल्यावर चौथी पसंत पडली. तोवर नाना नखशिखांत भिजले होते आणि दुकानासमोर यात्रा जमली होती. माझ्या चुलतभावासाठी मुलगी पाहायला गेले, तर बैठकीत न बसता थेट गोठ्यात गेले आणि तासाभरानं बाहेर येऊन म्हणाले, "सोयरीक करा. यांची ढोरं मानसाले पाहून बिचकत नाहीत. घरात मारझोड नाही." मुलीचा चेहरा त्यांनी लग्नातच पाहिला. आजही तो संसार उत्तम चाललाय, त्यामुळे या पद्धतीला हसायची सोय राहिली नाही.

मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले, आणि आमच्या घरात पंधरा दिवस नुसता गोंधळ झाला. मुलीनं पुढं शिकावं की नाही हा वाद आश्चर्यकारकरीत्या एका दिवसात मिटला, कारण वडील हो म्हणाले. कुठं शिकावं, हा मात्र मिटेना. हेडमास्तर म्हणत होते, पुणं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. भाऊ म्हणाले, "नाव मोठं ते कॉलेज मोठं. पुणंच." आई म्हणाली, धुळं, कारण तिथं मामा राहतो आणि रविवारी जेवायला घालील. शेजारचे म्हणाले, जळगाव, कारण शनिवारी घरी येता येतं. मलाही पुणंच हवं होतं. त्याचं कारण आता सांगायला हरकत नाही. हेडमास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली तिथल्या कॉलेजचा फोटो होता. दगडी कमानी, समोर मोठं झाड. त्या कमानीखालून पुस्तकं छातीशी धरून आपण चाललोय, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं होतं. शिकायचं काय, ते मी ठरवलंच नव्हतं.

नाना आले, पाट ओढून बसले आणि म्हणाले, "पाह्यलं का कोणी?"

"काय?" भाऊंनी विचारलं.

"कॉलेज. घड न पाहता मी बाग घेत नाही, अन् तुम्ही पोरगी द्यायले निंघाले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल वं पोरी. शिकायचं तुले हाये. तूही पाह्य."

भाऊ मनातून वैतागले होते, पण बहिणीच्या यजमानांना नाही कसं म्हणणार?

नाना आणि मी आधी जळगावला गेलो. नानांनी कॉलेजची इमारत पाहिलीच नाही. आधी माठातलं पाणी प्यायले, मग मुलींसाठी वेगळी खोली आहे का ते विचारलं, मग तिच्या दाराला आतून कडी आहे का ते मला आत पाठवून बघायला लावलं. तिथून वाचनालयात. तिथल्या गृहस्थांनी अभिमानानं कपाटं दाखवली. नानांनी एक जाडजूड पुस्तक काढलं, नाकाशी धरलं आणि म्हणाले, "कोरं हाये." दुसरं काढलं. "हेही कोरं." गृहस्थ म्हणाले, "आम्ही पुस्तकं नीट सांभाळतो!" नाना म्हणाले, "सांभाळता ते दिसू राह्यलं. वाचतं कोन?" मला धरणी दुभंगावी असं वाटलं. नंतर पलीकडच्या कपाटात त्यांना पानं सुटलेलं, शाईचे डाग पडलेलं एक गणिताचं पुस्तक सापडलं, तेव्हा ते खूश झाले आणि त्या गृहस्थांना एक केळं देऊ लागले.

निघताना त्यांनी कचेरीतल्या कारकुनाला एक प्रश्न विचारला. हा प्रश्न ते पुढं सगळीकडे विचारणार होते. "एखादी पोरगी चार दिवस आली नाही, तर कोनाच्या ध्यानात येते?"

कारकून गोंधळला. म्हणाला, "हजेरी असते ना. महिन्याअखेर बेरीज होते."

"महिन्याअखेर," नाना म्हणाले, आणि बाहेर पडले.

धुळ्याला जाताना चाळीसगावला गाडी बदलावी लागे. नानांनी तेवढ्या वेळात तीन विद्यार्थी गाठून त्यांना कॉलेजबद्दल इतकं विचारलं, की शेवटी ते डबाच बदलून गेले. धुळ्याच्या कॉलेजात नानांनी कुणाला न विचारता मला घेऊन चालू वर्गात प्रवेश केला आणि शेवटच्या बाकावर बसले. धोतर, काळी टोपी, हातात काठी. बीजगणित शिकवणारे तरुण प्राध्यापक त्यांना तपासनीस समजले असावेत, कारण त्यांच्या हातातला खडू दोनदा पडला. घाबरून त्यांनी एक गणित घातलं आणि सगळ्या वर्गाला विचारलं. कुणी बोलेना. मला काय झालं कोण जाणे, मी मागून काहीतरी पुटपुटले.

"कोण बोललं?" प्राध्यापकांनी मान वर केली. "पुन्हा सांगा. मोठ्यानं."

मी सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, बघितलं आणि म्हणाले, "उत्तर चुकलंय. पण रस्ता बरोबर आहे. इथवर अगदी बरोबर आल्या आहात." आणि तिथून पुढं त्यांनी ते सोडवलं. वर्गात कुणी हसलं नाही.

बाहेर शिपाई बसला होता. नानांनी त्याला तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "बाबा, पाचच पोरी शेतस. बठ्ठास्ना नावं माले माहीत शेतस. परवा एक उनी नही, त सरस्नी लगेच इचारं."

पाचही मुलींची नावं शिपायाला पाठ, आणि एक आली नाही तर सरही लगेच विचारतात, हे ऐकून नानांनी त्याच्या हातावर दोन केळी ठेवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "धुळं चांगलं हाये." आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे विषय संपला.

पण घरी भाऊ ऐकेनात. "नाना, तुम्ही पुणं पाहिलंच नाही, मग ठरवता कसं?"

"पुन्याले मी जात नाही," नाना म्हणाले आणि उठून मळ्याकडे निघून गेले. घागर ओतून छत्री घेणारा हा माणूस न पाहता एखादी गोष्ट मोडीत काढतो, हे मला पटेना. मला खूप राग आला. मी रडतच आत्याकडे गेले. आत्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही, पण सांगितलं.

त्यांची थोरली मुलगी, आमची ताई, हुशार होती. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा नानांनी तिला पुण्याला घातलं. चार लोक म्हणाले, कॉलेज फार मोठं आहे, म्हणून घातलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी ऐकून केली होती. दिवाळीला ताई आली ती परत गेलीच नाही. कारण सांगेना. पुष्कळ दिवसांनी आत्याला एवढंच म्हणाली, की 'मले', 'तुले' बोलले की मुली हसायच्या, म्हणून मी बोलणंच बंद केलं. शेवटी शेवटी तासालाही जायची नाही, खोलीत बसून राहायची. कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती बऱ्हाणपूरला गेली.

"हे त्याबद्दल कधी तिच्यापाशी बोलले नाहीत," आत्या म्हणाली. "गावातल्या पोरांची कॉलेजं मात्र पाहत फिरतात."

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले. म्हटलं, "नाना, तुम्ही पुणं पाहा आणि वाईट आहे म्हणून सांगा. मी ऐकेन. न पाहता सांगितलं तर नाही ऐकणार." नानांनी हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "पिशवी भर."

पुण्याला कॉलेजच्या त्या कमानी खरोखरच होत्या, झाडही होतं. नानांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ते मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन थांबले आणि म्हणाले, "इथंच तिची टरंक ठेवली व्हती. वरती गेलो नाही. गाडीची येळ झाली व्हती." त्यांचा आवाज त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट ऐकू आला नाही.

रेक्टरबाई नव्या होत्या. नानांनी त्यांना तोच प्रश्न विचारला. बाईंनी थोडा विचार केला. "खरं सांगू? इथं दोनशे मुली आहेत. जेवायला आली नाही तर दुसऱ्या दिवशी कळतं. का आली नाही, ते कळायला वेळ लागतो. मी प्रयत्न करते."

"बाई खरं बोलल्या," नाना बाहेर येऊन म्हणाले. आम्ही झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो. "पुनं वाईट नाही. आता सांग, तुले काय पाह्यजे?"

पंधरा दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी समोरच्या कमानी पाहिल्या. फोटोत होत्या त्याहून सुंदर होत्या. तरी माझ्या तोंडून निघालं, "धुळं."

"माह्या भिडेनं सांगू नको."

"नाही नाना. तिथं मी सगळ्यांसमोर चुकले, तरी मला पुन्हा बोलावंसं वाटलं."

नानांनी मान हलवली. आम्ही परतीच्या गाडीत बसलो. भुसावळ गेलं, रावेर आलं, मी पिशवी उचलली, तर नाना जागचे हललेच नाहीत. "तू उतर," ते म्हणाले. "आत्याले सांग, मी दोनचार दिवसांनी येतो." गाडी हलली. पुढं बऱ्हाणपूर होतं.

चार दिवसांनी ते आले आणि लगेच वॅगन भरायला स्टेशनावर गेले. जुलैमध्ये मी धुळ्याला गेले. गणित घेऊन बी.ए. झाले आणि पुढं तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. पुण्याला गेले असते तर कदाचित याहून मोठी झाले असते. पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मध्ये एका लग्नात ताई भेटली. तिचे केस पांढरे झालेत. मी धीर करून विचारलं, "ताई, मी धुळ्याला गेले त्या वर्षी नाना बऱ्हाणपूरला आले होते, तेव्हा काय म्हणाले गं?"

ती हसली. "काही नाही. आले, जेवले. चार दिवस अंगणात खाट टाकून बसून राहिले. माझ्या मुलांना केळी खाऊ घातली. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, 'तुले इचारायचं राह्यलं व्हतं.'"

"मग विचारलं?"

"नाही," ताई म्हणाली. "तेवढंच म्हणाले. मग मी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला गेले. आम्ही चालतच गेलो, टांगा केला नाही."