सातही तारा दिसलेली फिल्म

चमत्कार वगैरे म्हणणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवायचो. धुळ्याचा माणूस, वेल्डिंगचे एक्स-रे काढायचं काम... दिसेल तेच खरं! पण त्या एका फिल्मचं काय करू, तुम्हीच सांगा.

अठ्ठ्याऐंशी साल असेल. चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एक साखर कारखाना — नाव सांगत नाही. दुसऱ्या दिवशी बॉयलरचं अग्निप्रदीपन. भटजी ठरलेले, नारळ आलेले, आणि शेवटच्या जोडाचा फोटो माझ्याकडे बाकी. साहेब डोक्यावर बसलेले, "मुहूर्त टळता कामा नये. पास करून टाका."

आमचं मशीन म्हणजे जुनं धूड. किरण झटक्याझटक्याने सुटायचे आणि दर झटक्याला सुटायची जागा जराशी हलायची, म्हणून फोटो कायम पुसट. स्पष्टपणा तपासायला जोडावर सात तारा ठेवतात, जाड तारेपासून केसासारख्या बारीक तारेपर्यंत. आम्हाला चौथी दिसली तरी गंगेत घोडं न्हालं!

त्यात घाईत मी मशीन फूटभर जवळ लावलं. जवळून फोटो आणखी फिसकटतो. लक्षात आलं ते फोटो काढून झाल्यावर. स्वतःला चार शिव्या घातल्या, तरी फिल्म धुतली आणि उजेडात धरली.

सातही तारा दिसत होत्या. अगदी कोरून काढल्यासारख्या! आणि जोडात केसाएवढा तडा! वाफ भरली की जोड तिथेच फुटला असता, आणि बरोबर त्या जोडासमोर बॉयलरवाले नाना दिवसभर उभे राहणार होते.

साहेब भडकले, "अहो, मशीनचाच दोष असेल!"

"घासून बघा. तडा नाही निघाला तर मला हाकला," मी म्हणालो.

जोड घासला. तडा निघाला, फिल्मवर होता तिथेच. साहेबांनी स्वतः भटजींना निरोप धाडला. मुहूर्त गेला.

मग मी हट्टाने तसंच मशीन लावून अकरा फोटो काढले. जवळून, लांबून... पाचवी तार काही दिसेना. नंतर मुंबईच्या जाणत्यांनाही विचारलं. ते म्हणाले, या मशीनवर असा फोटो निघूच शकत नाही. मग निघाला कसा?

नानांनी ती फिल्म दोन्ही हातांत धरली होती, प्रसाद धरावा तशी. म्हणाले, "हाऊ फोटू तू नही काढा, भाऊ."

"मग कोणी काढला, नाना?" मी चिडूनच विचारलं.

"माले काय माहीत! पन मी जित्ता शे ना."